नव्वद गुप्त राग

वीणा आपोआप वाजत होती. तिच्या आसपास कुणाचा हात नव्हता. कुंभकोणमच्या त्या मंगल कार्यालयात शुक्रवारी सकाळी सातपासून दोनशे माणसं मांडी घालून बसलेली होती, आणि समोर चौरंगावर हळदकुंकू वाहिलेली वीणा एकेक स्वर वर चढत होती, एकेक खाली उतरत होती. माझ्या शेजारचे निवृत्त तहसीलदार रडत होते. मला रडू आलं नाही, याची मलाच जरा लाज वाटली.

वीणेमागे नादमूर्ती स्वामी. भाविकाने नक्षत्र आणि चरण सांगायचं, स्वामींनी डोळे मिटायचे, की देवीने त्या माणसापुरता राखून ठेवलेला राग वीणेतून येई. मग पडद्याआडून त्याचे स्वर छापलेला कागद. आमच्याकडचे सगळे राग ज्या मूळ सप्तकांतून निघतात, ती सप्तकं बहात्तर. त्यांना मेळ म्हणतात. "बहात्तर माणसांनी मोजले," स्वामी सांगत. "माणूस मोजून मोजून किती मोजणार? आणखी नव्वद आईने पदराखाली झाकून ठेवले होते. डॉक्टरची गोळी पोटात जाते. राग कुठे जातो? राग रक्तात जातो." हे ते दर शुक्रवारी त्याच शब्दांत सांगत, आणि त्याच जागी थांबत. थांबले की लोक माना डोलवत.

मला तिथे नेलं होतं माझ्या धाकट्या बहिणीने, अलमेलूने. ती अडुसष्ट वर्षांची, विधवा, माझ्याकडेच राहते. तरुणपणी उत्तम गायची. सासरी गाणं सुटलं ते सुटलंच. गेली नऊ वर्षं मधुमेहासाठी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. स्वामींनी तिला कागद दिला आणि सांगितलं की पहाटे एकशे आठ वेळा हा राग म्हणायचा, आणि सुई बंद करायची, कारण सुईने रक्तातला स्वर बोथट होतो.

कागद मी रिक्षातच वाचला. संगीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. गाता एक ओळ येत नाही, पण मेळांचा तक्ता पाठ आहे. कागदावर दुसरा रिषभ होता आणि त्याच्यापुढे पहिला गांधार. मला ते खटकलं. मग वाटलं, आपण पुस्तकं लावणारे, आपल्याला काय कळतं. मी कागद घडी करून तिला परत दिला. त्या गप्प बसण्याचं मी पुढे किती वेळा तरी मनात समर्थन करून पाहिलं आहे. होत नाही.

सुई बंद झाली. पाचव्या दिवसापासून ती तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. डाव्या पायाच्या करंगळीला चपलेचा चावा होता, तो चिघळला. डॉक्टर इलंगोवन घरी येऊन रागावून गेले; आणखी आठवडाभर असंच चाललं तर पाय राहील याची हमी देणार नाही म्हणाले, आणि पायावरच भागेल असंही नाही. ती त्यांना लिंबूसरबत देऊन हसली.

शेवटी मी धीर केला. पण बोललो काय, तर असा खटकणाऱ्या स्वरांचा राग आपल्याकडे अशुभ मानतात, घरात म्हणू नये.

"अण्णा," ती म्हणाली, "हे आजी म्हणायची. तू इतकी पुस्तकं वाचून आजीच्याच गोष्टी सांगणार असशील, तर मी स्वामींच्या ऐकते. निदान ते गोड तरी बोलतात."

तिचं खरं होतं. मी एका भ्रमावर दुसऱ्या भ्रमाने उतारा काढत होतो.

चौदाव्या दिवशी कोमळवल्ली, आमची कोमळा, आली. ती शेजारच्या घरातली मुलगी. कोइंबतूरला संगणकाचं काम करते, वडिलांच्या श्राद्धाला आली होती, आणि डबा द्यायला डोकावली. टेबलावरचा कागद तिने उचलला, वाचला आणि खुर्चीत बसली.

"मामा, ही चूक माझी आहे."

कॉलेजात असताना तिने मेळ तयार करणारी एक छोटी लायब्ररी लिहिली होती. प्रोग्राम लिहिणारेही लायब्ररी म्हणतात. तयार तुकड्यांचा संच, कुणीही न्यावा आणि आपल्या कामात वापरावा. आमच्याकडे नेलेलं परत आणावं लागे, एवढाच फरक. तिच्या संचाला क्रमांक द्यायचा, तो त्या मेळाचे स्वर हातात ठेवी, वाजवूनही दाखवी. तिने ती सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती.

चूक तिने मला पेन्सिलीने मांडून दाखवली. रिषभ तीन, गांधार तीन, पण दोघांत मिळून पेटीच्या पट्ट्या चारच. दुसरा रिषभ आणि पहिला गांधार एकाच पट्टीवर बसतात. तिसरा रिषभ आणि दुसरा गांधारही. म्हणून तीन गुणिले तीन अशा नऊ जोड्यांपैकी सहाच खऱ्या. उरलेल्या तीनपैकी दोन जोड्यांत गांधार रिषभावरच बसतो, तिसरीत तर त्याच्याही खाली जातो. वर धैवत-निषादाचं तसंच. मध्यम दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन, बहात्तर. कोमळाने पहिल्या प्रतीत ही अट घालायचीच राहिली होती. नऊ गुणिले नऊ गुणिले दोन, एकशे बासष्ट.

"वजा बहात्तर करा," ती म्हणाली.

मी केलं. नव्वद आले.

तिने चूक तिसऱ्या दिवशी दुरुस्त केली होती. पण तोवर कुणीतरी जुनी प्रत उतरवून घेतली होती, आणि तिची चूक आता देवीच्या पदराखालून बाहेर येत होती.

अलमेलू आतून ऐकत होती. ती बाहेर आली, कागद घेऊन पुन्हा खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अलमेलू कागद घेऊन सभेला निघाली; मी आणि कोमळा तिच्याबरोबर गेलो. मी सभेत कधी उभा राहिलेला माणूस नाही. उभा राहिलो तेव्हा चष्मा घसरला, आणि जे बोललो ते मागच्या रांगेला ऐकू गेलं नसणार. एवढंच म्हणालो की भजनाच्या पेटीवर हा राग कुणीतरी वाजवून दाखवावा. पेटीवाले दामोदरन जुने गृहस्थ. त्यांनी अलमेलूचा कागद पाहून वाजवलं. सा, रे, आणि गांधारासाठी बोट त्याच पट्टीवर पुन्हा पडलं. त्यांनी मान वर केली. "अहो, पुढे सरकायला जागाच नाही."

स्वामी हसले. त्यांना याची सवय असावी. देवीचे स्वर लाकडी पट्ट्यांत मावत नाहीत, ते पट्ट्यांच्या फटीत राहतात, असं त्यांनी समजावलं. लोकांनी पुन्हा माना डोलवल्या. कुणीतरी मला धोतर धरून खाली बसवलं. कोमळा उठली, संख्या सांगू लागली. एका बाईने तिला विचारलं की तुझं लग्न झालंय का.

तेव्हा अलमेलू उठली. लंगडत पुढे गेली आणि म्हणाली, "स्वामी, माझा राग वीणेवर पुन्हा वाजवा."

नाही कसं म्हणणार? वीणा वाजू लागली. अलमेलू तिच्याबरोबर गाऊ लागली. चाळीस वर्षांनी तो गळा मी चारचौघांत ऐकत होतो. सा. रे. आणि वीणेने ज्याला गांधार म्हटलं, तिथे ती थांबली.

"हा रेच आहे," ती म्हणाली. "फटीत नाही, कुठे नाही. तोच आहे. पहिल्या दिवसापासून मला ऐकू येत होतं. मला वाटलं, म्हातारपणी माझाच कान गेला."

दामोदरननी वीणा एका बाजूने उचलली. भोपळ्यात स्पीकर होता. त्याची वायर सतरंजीखालून पडद्यामागच्या संगणकाकडे गेली होती.

निम्मे लोक उठले. निम्मे दहीभाताच्या प्रसादासाठी थांबले. तहसीलदार त्यांच्यातच होते.

आम्ही कार्यालयातून थेट डॉक्टरांकडे गेलो. सुई सुरू झाली. करंगळी काढावी लागली, पाय वाचला. ती मला दोष देत नाही. मी पहिल्या दिवशी रिक्षात तोंड उघडलं असतं तर तेही बोट राहिलं असतं, हे दोघांनाही माहीत आहे.

स्वामी आता दुसऱ्या गावी असतात. कोमळा थकलेल्या आवाजात सांगत होती की तिथे कागदावर बहात्तरच मेळ येतात, एकही चुकत नाही. त्यांनी तिची दुरुस्त केलेली प्रत उतरवून घेतली आहे. तिथल्या पेटीवाल्याला आता काही सापडणार नाही.

म्हणून हे लिहितो आहे. आम्हाला चूक सापडली म्हणून आम्ही सुटलो, असं समजू नका. राग बिनचूक असता, वीणा खरोखरच आपोआप वाजली असती, तरी त्याने अलमेलूची साखर उतरली नसती. कुणी औषध सोडायला सांगितलं, तर चमत्कार खरा की खोटा हे नंतर पाहा. आधी रक्त तपासून घ्या, आणि तपासणीच्या कागदावर येईल त्या आकड्यावर विश्वास ठेवा. आणि काही खटकलं, तर आपल्याला काय कळतं असं म्हणून कागदाची घडी करू नका.