टॉफीचे तीन शब्द

"लाखांदूरची बस गेली का जी?" फाटकाशी उभ्या बाईनं विचारलं आणि अंगणात उभा असलेला टॉफी कुत्रा लगेच खाली बसला.

"गेली. धा मिनटं झाले," केशवराव म्हणाले. "आता सव्वाअकराची." मग त्यांनी खिशातलं बॉलपेन टिक करून वाजवलं आणि पिशवीतला एक वाळका झिंगा टॉफीच्या तोंडात दिला. बाई बघतच राहिली.

"तिनं तुमाले विचारलं, त्याले नाई," पत्नी तुळसाबाई आतून म्हणाल्या.

"पण त्यानं आयकलं ना? बसला ना? मंग देणं लागते."

"असंच देऊन राहिले म्हणून त पोटाचा ढोल झाला त्याच्या."

केशवराव मेश्राम साकोलीला बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण घर स्टँडच्या वाटेवरच असल्यामुळे गाड्यांची चौकशी अजून त्यांच्याच फाटकाशी होई. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा 'बस' हा शब्द कुणीतरी उच्चारी आणि टॉफी पंधरा वेळा बसे. तुळसाबाई शेवटी घरात 'येष्टी' म्हणू लागल्या. पाहुण्यांना तर त्या "टेका जी" म्हणत. रस्त्यानं जाणाऱ्यांना मात्र कोण शिकवणार?

टॉफी मूळचा नागपूरचा. मुलगा विनोद तिथं बँकेत होता आणि सातव्या मजल्यावर राहत होता. लॅब्राडोर जातीचा, तपकिरी, अंगापिंडानं दांडगा कुत्रा. दिसेल त्याच्या छातीवर दोन पाय ठेवून प्रेम करायचं, एवढाच त्याचा दोष. एकदा लिफ्टमध्ये त्यानं एका म्हाताऱ्या गृहस्थांवर असं प्रेम केलं आणि ते आडवे झाले. सोसायटीचं पत्र आलं. विनोदनं जूनमध्ये कुत्रा गाडीत घातला आणि साकोलीला आणून सोडला.

"तीन महिने ठेवा बाबा. सुधरला त नेतो. नाई त राहू द्या इथंच. पोरीचं, मनालीचं रडणं मी पाहून घेईन."

शेजारच्या परसरामनं काठीचा सल्ला दिला. केशवराव जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मारायचं नाही. अंगावर उडी मारली की पाठ फिरवून उभं राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी एक आवाज करायचा, नेहमी तोच, आणि खाऊ द्यायचा. शब्द रोजच्या वापरातले घ्यायचे, छोटे.

केशवरावांना हे लगेच पटलं. दारू पिऊन चढलेल्या माणसाला हटकलं तर तो अख्ख्या गाडीचा उद्धार करतो, आणि "या साहेब, इथं खिडकीपाशी" म्हटलं की लाखांदूरपर्यंत झोपून जातो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. बोटांना तिकिटाचा पंच वाजवायची सवय होतीच. पंच डेपोत जमा झालेला, म्हणून बॉलपेन घेतलं. शब्द घेतले तीन. बस, थांब आणि ये. तीन शब्दांवर बत्तीस वर्षं नोकरी झाली होती, कुत्र्याला तेवढे पुरेसे होते.

पहिला महिना केशवराव अंगणात भिंतीकडे तोंड करून उभे दिसत आणि त्यांच्या पाठीवर चिखलाचे पंजे उमटत. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. येणारे-जाणारे हसत.

"तो शिकून राह्यला का तुमी?" तुळसाबाई विचारत.

दुसऱ्या महिन्यात टॉफीच्या ध्यानात आलं की या म्हाताऱ्याच्या पाठीत काही मजा नाही, मजा तोंडाच्या बाजूला आहे, आणि ती खाली बसल्यावर मिळते. तिसऱ्या महिन्यात तो भाजी मंडईतून चालू लागला, कुणाच्या अंगाला न घसटता. पहाटे केशवराव उठण्याआधी उठून दाराशी बसून राहू लागला. निवृत्तीनंतर आपली वाट पाहत बसलेलं केशवरावांना दुसरं कुणी भेटलं नव्हतं. तो जाऊ नये असं त्यांना वाटू लागलं, फार वाटू लागलं. आणि आपण शिकवू तेवढा तो जाण्याच्या लायकीचा होईल, हेही त्यांना कळत होतं. तरी बॉलपेन वाजत राहिलं. शिकवणं अर्धवट सोडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ठरल्या रविवारी विनोद आला, मनालीला घेऊन. नऊ वर्षांची पोर, फाटकातूनच "टॉफी" म्हणत धावली. टॉफीही धावला, आणि तिच्यापुढं येऊन उभा राहिला. सगळं शरीर हलत होतं, पण चारही पाय जमिनीवर.

"टॉफी, सिट," मनाली म्हणाली.

टॉफी शेपूट हलवत उभाच.

"सिट," विनोद म्हणाला. मग मोठ्यानं, "सिट, टॉफी. सिट."

टॉफीनं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं.

"काई फरक नाई बाबा," विनोद खुर्चीत टेकत म्हणाला. "आयकतच नाई हा. लिफ्टमधे पुन्हा तेच होईल. राहू द्या इथंच."

मनाली टॉफीचा कान खाजवत राहिली, तोंड दुसरीकडं करून.

केशवरावांनी पाण्याचा गडू तोंडाला लावला. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं, पाणी पिऊन होईपर्यंत. स्वयंपाकघराच्या दारात तुळसाबाई उभ्या होत्या. तीन महिने ढोल ढोल म्हणणाऱ्या तुळसाबाई, त्याही गप्प होत्या. पाणी संपलं. केशवरावांनी गडू खाली ठेवला.

"इंग्रजीत नाई समजत त्याले," ते म्हणाले. "बस म्हण, पोरी."

"बस," मनाली म्हणाली.

टॉफी बसला.

मनाली इतकी हसली की विनोदलाही हसू आलं. मग केशवरावांनी तिला शेजारी घेऊन तिन्ही शब्द दाखवले. बॉलपेन दिलं. "चांगलं केलं का लगेच द्याचं. उशीर नाई करायचा. आन् बोलावून आला त कधीच रागवायचं नाई, काई करून आला असला तरी."

"बिस्किट चालेल का, आजोबा?"

"चालेल. पण झिंगे आवडते त्याले."

तुळसाबाईंनी झिंग्यांची पिशवी बांधून दिली. मूठभर केशवरावांच्या खिशात राहिले. जेवणं झाली आणि चारच्या सुमाराला मंडळी निघाली. टॉफी मागच्या सीटवर चढला, शहाण्यासारखा. मनाली त्याच्याशेजारी बसली. केशवराव गाडीच्या उघड्या दाराशी आले आणि निघालेल्या माणसाला घरोघरी म्हणतात तेच म्हणाले.

"ये बरं, पोरी. ये."

टॉफी मनालीच्या मांडीवरून उडी मारून बाहेर आला आणि केशवरावांच्या पायाशी येऊन बसला. वर पाहू लागला.

विनोदनं स्टिअरिंगवरचा हात काढला. बोलावलं होतं, तो आला होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. केशवराव वाकले. बॉलपेन नव्हतं, म्हणून त्यांनी जिभेनंच टिक केलं, खिशातले होते नव्हते तेवढे सगळे झिंगे तळहातावर घेतले आणि टॉफीपुढं धरले. तळहात चाटून कोरडा होईपर्यंत ते तसेच वाकून राहिले. मग पट्टा धरून त्यांनी त्याला सीटवर चढवलं आणि दार लावलं.

गाडी सुरू झाली. मनालीनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"येते, आजोबा."

केशवरावांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि नुसती मान हलवली.