डॉक्टर झालेले बाबा

थोरली ज्या कंपनीत होती, तिथे दिवसभर एकच काम चाले. इंटरनेटवर कुणी काही शोधलं की जी पानं समोर येतात, त्यांतली चोरलेली, फसवी, भुक्कड पानं ओळखून त्यांवर शेरा मारायचा. तिघांनी 'निकृष्ट' म्हटलं की ते पान इतकं मागे ढकललं जाई की मेल्यातच जमा. आठ वर्षांत ती या कामात चांगली मुरली होती.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्यापुढे एक पान आलं. 'रक्तदाबाच्या गोळ्या एकवीस दिवसांत कायमच्या सोडा.' खाली कसल्याशा पावडरीची जाहिरात. असली पानं तिनं पैशाला पासरी पाहिली होती. शेरा मारणार, एवढ्यात बाजूच्या चौकटीतला लेखकाचा फोटो दिसला आणि तिचा हात जागीच थांबला.

बाबा होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, डावी भुवई किंचित वर. खाली कुठल्याशा डॉक्टरचं नाव, आणि 'तीस वर्षांचा अनुभव'. बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. त्यांना जाऊनही आता तीन वर्षं झाली होती.

फोटो घरच्या कपाटातला. तो बाहेर कुणी काढला हे सांगायला ज्योतिषी नको होता. धाकटा भाऊ घरी बसून 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करायचा. काय, ते तिनं कधी खोदून विचारलं नव्हतं. बाबा गेल्यावर वर्षभर अंथरुणात पडून असलेला मुलगा उठून कामाला बसतोय, एवढ्यावरच घरानं समाधान मानलं होतं.

फॉर्मवर प्रश्न होता : लेखक विश्वासार्ह वाटतो का?

लिफ्टचा दोर झिजलेला दिसला, तर मालकानं कितीही आकांडतांडव केलं तरी बाबा ती चालू करून देत नसत. थोरलीनं 'नाही'वर टिचकी मारली, 'निकृष्ट' निवडलं आणि तोंडावर पाणी मारायला उठून गेली.

संध्याकाळी आई भाजी आणायला गेली, तेव्हा तिनं धाकट्याला गाठलं.

"बाबांचा फोटो का लावलास?"

तो चपापला. "तुला कुठे दिसला?"

"माझ्याकडेच आलं ते पान."

"दुसऱ्या कुणाचा लावला की पकडतात, ताई. तो फोटो आणखी कुठे आहे का, ते तपासतात. बाबा इंटरनेटवर कुठेच नव्हते. एकाही ठिकाणी नाही. म्हणून."

"आणि गोळ्या सोडून कुणाचं बरंवाईट झालं तर?"

"लोक कुठे एवढं वाचतात."

"कुणीतरी वाचतंच."

"मग काय केलंस तू?"

"जे करायचं तेच."

धाकट्यानं खुर्ची वळवली. "मग आईला तूच सांग. ती रोज दुपारी बघते त्यांना."

पानाचा पत्ता आईला ठाऊक नव्हता, फक्त शोधायचे शब्द पाठ होते. ते लिहिले की बाबा यायचे.

दहा-बारा दिवसांत आणखी दोघांचेही शेरे पडले असावेत. आई टॅबलेट घेऊन तिच्याजवळ आली. "हे बघ गं, सापडतच नाहीत. तुझं कामच ना हे शोधण्याचं?"

"आई, ते पान मी मागे टाकलंय. त्यात सगळं खोटं लिहिलं होतं."

"ते काय मला कळत नव्हतं? त्यांना डॉक्टर म्हणत होते."

"तू तुझ्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते. त्यांच्या सांगण्यावरून मी कधी काही सोडलंय का?" आई हसली, पण ते हसू टिकलं नाही. "फोटो काय, कपाटात आहेच. पण तिथे चार लोक त्यांना बघत होते. जन्मभर बिचारे यंत्राच्या खोलीत, कुणी पाहिलं त्यांना?"

आपण केलं ते चुकलं, असं थोरलीला तेव्हाही वाटलं नाही, आणि त्यामुळे काही हलकंही वाटलं नाही.

धाकट्यानं ते पान पुसून टाकलं. नवी उघडली, त्यांवर यंत्रानं बनवलेले, खऱ्या कुणाचेच नसलेले चेहरे लावले आणि तो खोली आतून लावून घ्यायला लागला. जेवायला येतो, मान खाली घालून जेवतो, ताई म्हणून हाक मारत नाही.

आई अजूनही दुपारी तेच शब्द लिहिते. रोज नवे नवे डॉक्टर निघतात. "यांच्यातल्या एकाचंही तोंड माणसासारखं वाटत नाही," असं ती परवा म्हणाली.