बाळंतिणीच्या खोलीची भिंत

मौजे घाटनांदूर, तालुके मोमिनाबाद, जिल्हे बीड. फसली सन १३२०, भाद्रपद वद्य पक्ष. या गावी भगवानराव देशमुखांची कन्या शिवकन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि तिच्यासाठी राखलेल्या खोलीच्या मागच्या भिंतीला बुरशी धरली होती.

एरवी ही गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. परंतु शिवकन्येच्या सासूबाई रतनबाई यांनी सुनेला पाठवतानाच एक अट घातली होती. त्यांच्या थोरल्या सुनेचे मूल तिच्या माहेरच्या ओलसर खोलीत छातीच्या विकाराने गेले होते. म्हणून दसरा झाल्यावर आपण स्वतः येऊन खोली पाहू, आणि ती ओली निघाली तर त्याच गाडीतून सुनेला परत नेऊ, असे त्यांनी सांगून ठेवले होते. अट कठोर असली तरी अन्यायाची नव्हती, हे भगवानरावांनाही मान्य होते. आणि त्यामुळेच त्यांना चैन पडत नव्हते.

ओल कोठून येते यावर पतिपत्नींचे एकमत होईना. भगवानरावांच्या मते दोष माळवदाचा होता. पावसाळ्यापूर्वी त्यांनी स्वतः उभे राहून त्यावर पांढरी माती घालून घेतली होती, तरी ती कोठेतरी भेगाळली असावी. कौशल्याबाईंचे म्हणणे असे की, पाणी वरून आले असते तर भिंत वरून काळी पडती. ही तर जमिनीपासून गुडघाभरच काळी आहे. यावर भगवानरावांनी उलट विचारले की, तुम्ही रोज जमीन सारवता आणि वाऱ्याच्या भीतीने झरोक्यावर मडके पालथे घालता, मग ओल बाहेर पडणार कोठून? दोघांच्याही बोलण्यात काही अंशी तथ्य होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता.

शिवकन्या इतका वेळ ऐकत होती. ती हलकेच म्हणाली, “आई, मी परत न्हाई जायची. तितं कळा आल्या तर मी हाक कुणाला मारू?”

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. भगवानराव शिडी लावून माळवदावर चढले. माती घट्ट होती, एकही चीर नव्हती. मग ते मागच्या बाजूने उतरले, आणि जमिनीवर टेकलेला पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. तो चिखल म्हणजे त्यांचाच मातीचा ढीग होता. माळवदावर घालून उरलेली माती, गळती लागलीच तर हाताशी असावी म्हणून, त्यांनी खोलीच्या भिंतीलगत रचून ठेवली होती. सारा पावसाळा ती पाणी पीत होती आणि भिंतीला पाजत होती.

कौशल्याबाईंनी परसात येऊन ढीग पाहिला. “माळवद लई चांगलं केलं तुमी. उरलेलं तेवढं माज्या लेकीच्या उशाला ठिवलं.”

भगवानराव हसले. कारण सापडल्याचे समाधान इतके मोठे होते की, चूक आपलीच निघाली याचे वाईट वाटायला त्यांना सवड झाली नाही. ढीग त्याच दिवशी हलवला गेला आणि पाणी वाहून जाण्यासाठी चर खणला गेला. कौशल्याबाईंनीही आपला हट्ट सोडला. सारवण थांबले, झरोका उघडला. शिवकन्येचे अंथरूण माजघरात गेले. बुरशीचा गिलावा खरवडून दूर टाकला, खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर दिला, आणि भिंत आतून सुकल्यावरच तिला चुना लावला.

दसरा झाला. रतनबाई आल्या आणि गूळपाणीही न घेता थेट खोलीत गेल्या. त्यांनी भिंतीला तळवा लावला, वास घेतला. मग वाटीभर खडेमीठ मागवून भिंतीच्या तळाशी ठेवले आणि सकाळी पाहू म्हणाल्या. विहीणबाईंना घरच्यांनी आग्रहाने वाढले खरे, पण स्वतः कोणी पोटभर जेवले नाही.

सकाळी रतनबाईंनी चिमूटभर मीठ बोटांत चोळले. ते सुटे होऊन खाली पडले. त्यांनी दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले.

“खोली कोरडी हाय,” त्या म्हणाल्या. “पोरगी इतंच बाळंत व्हईल.”