अकराव्या मिनिटाची रेघ

सतरा रविवार झाले, नव्या पाळकांच्या तोंडून 'पाप' हा शब्द निघाला नव्हता.

हे कुणी हवेत सोडलेलं विधान नव्हे. स्टेनोकाकांच्या वहीत तशी नोंद होती, आणि त्या वहीला आव्हान देण्याची छाती मंडळीत कुणाची नव्हती. काकांनी पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलं होतं. साक्षीदार शिंकला तर ती शिंकसुद्धा ते लिहून घ्यायचे, असं वकील सांगत. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, काकूंच्या डाव्या हाताला बसून ते दर रविवारचं प्रवचन त्याच निष्ठेनं टिपत. त्यांची लिपी जगात एकाच माणसाला वाचता येत असे, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

"आपल्या सगळ्यांचीच कधी ना कधी बॅटरी उतरते," अठराव्या रविवारी नवे पाळक व्यासपीठावरून म्हणाले. "पण चार्जर कुठे ठेवलाय, ते ठाऊक हवं!"

लोक हसले. काकांनी कंसात 'हशा' असं लिहिलं आणि दात आवळले. मागच्या रविवारी देव सायकलचं पंक्चर काढत होता. पापाला हे गृहस्थ 'गडबड' म्हणत, पश्चात्तापाला 'जरा थांबून बघणं'. नरकाचा तर पत्ताच नव्हता. न्यायाचा दिवस एकदाच आला होता, तोही शाळेच्या निकालासंबंधी.

"शिकवण ढळलीय," घरी आल्यावर काकांनी जाहीर केलं. "रोज बोटभर ढळली तरी शेवटी कुठे जाऊन पोचतो माणूस? थोरल्या पाळकांच्या वेळी असं नव्हतं."

थोरले पाळक वीस वर्षं नरकाबद्दल बोलले आणि मग देवाघरी गेले. म्हणजे त्यांचा विषय इकडेच राहिला.

"काय ती प्रवचनं! अंगावर काटा यायचा."

"तुमच्या?" काकूंनी विचारलं.

"मग कुणाच्या?"

काकू लसूण सोलत राहिल्या.

काकांनी पाच पानी आरोपपत्र टाइप केलं आणि पंचमंडळाच्या अध्यक्षबाईंना नेऊन दिलं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. खुर्चीतल्या पेशंटला "आ असाच ठेवा" सांगून त्यांनी पाचही पानं उभ्या उभ्या वाचली.

"काका, गुरुवारी आपण पाळकांना कायम करायचं की नाही ते ठरवतोय. या कागदावर त्यांचं बिऱ्हाड उठेल. दोन लहान मुली आहेत त्यांना."

"माझं त्यांच्याशी वैर नाही. पण मंडळीला काय ऐकवलं जातंय, ते बघायचं कुणी?"

"बघायलाच हवं," बाई गंभीरपणे म्हणाल्या. काकांचं म्हणणं त्यांना सगळंच खोटं वाटत नव्हतं. पंक्चरच्या प्रवचनानंतर त्याही जरा अस्वस्थच होत्या. "पण ढळली म्हणता, तर मुळात कुठे होती तेही दाखवा. थोरल्या पाळकांच्या वह्या आणा. मंडळापुढे वाचा."

पेशंटनं काहीतरी म्हटलं. ते नोंदवण्यासारखं नव्हतं.

वह्या ट्रंकेत होत्या. दरवर्षी वही भरली की काका मागचं न वाचताच तिला दोरी बांधून लाखेचं सील ठोकत. कोर्टाची सवय. वीस वह्या, वीस सीलं.

"आधी एकदा उघडून बघा तरी," बुधवारी काकू म्हणाल्या.

"सील तोडलेला पुरावा टिकत नसतो."

"मी सांगते म्हणून बघा."

"तुला कायद्यातलं काय कळतं गं?"

"कायद्यातलं नाही कळत," काकू म्हणाल्या. "तुमच्यातलं कळतं."

काकांनी ट्रंकेला कुलूप लावलं.

गुरुवारी संध्याकाळी मंडळ बालवर्गाच्या खोलीत बसलं, कारण दुसऱ्या खोलीचा पंखा बंद होता. त्यामुळे पाचही पंच वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसले होते. नवे पाळक कोपऱ्यातल्या लाकडी घोड्याशेजारी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. काकांना क्षणभर वाईट वाटलं, पण त्यांनी ते नोंदवलं नाही.

सील तुटलं. काकांनी चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"'प्रियजनहो, आज आपण पापाकडे सरळ डोळ्यांनी पाहणार आहोत. पाप तीन प्रकारचं असतं. त्यातला पहिला प्रकार...'"

काका थांबले. 'प्रकार' या खुणेनंतर पेन्सिलची एक रेघ निघाली होती. ती ओळ सोडून, समास सोडून, घसरगुंडीवरून उतरावी तशी पानाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन विसावली होती. तिच्याखाली थेट 'शेवटचं गीत, सर्व उभे' असं होतं.

त्यांनी पान उलटलं. पुढचा रविवार. "'गेल्या वेळी आपण पापाचे तीन प्रकार पाहिले. आता नरक...'" रेघ. त्याच्या पुढच्या रविवारी रेघ. काका दर ओळीच्या बाजूला वेळ टाकत. रेघ बरोब्बर अकराव्या मिनिटाला निघत होती. दुसरी वही उघडली. तीच गत.

"पहिला प्रकार कोणता?" अध्यक्षबाईंनी विचारलं. काकांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं.

"तुम्हा कुणाला आठवतोय?" त्यांनी इतर पंचांना विचारलं.

सगळ्यात म्हातारे पंच छताकडे पाहू लागले. दुसरे म्हणाले, "दुसरा आळस होता बहुतेक."

"मलाही ऐकायला आवडेल," नवे पाळक हळूच म्हणाले. ते खरंच वही-पेन घेऊन पुढे सरसावले होते.

काकांच्या कपाळावर घाम आला. खरं तर काहीच अवघड नव्हतं. गर्व, लोभ, मत्सर, कोणतेही तीन ठोकून द्यायचे. वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. हा माणूस परत जाईल, शिकवण वाचेल आणि काकांचा मानही वाचेल. जीभ उचलली गेलीसुद्धा. पण पस्तीस वर्षांत काकांनी नोंदीत नसलेला शब्द कधी वाचला नव्हता. खुनाच्या खटल्यातसुद्धा नाही.

"इथे नोंद नाही," ते म्हणाले.

"का नाही?"

"लघुलेखक झोपला होता." मग, नोंद पुरी व्हावी म्हणून, "वीस वर्षं."

कुणी हसलं नाही. खुर्च्याच तेवढ्या कुरकुरल्या. नव्या पाळकांनी पुढे होऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. आठवडाभर कोर्टात राबायचात. थकवा असतो. थोडीशी गडबड..."

"गडबड नाही!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की लाकडी घोडा डुलला. "देवाच्या घरात झोपायचं, वर त्याच झोपेच्या जिवावर दुसऱ्याची नोकरी घालवायला निघायचं, आणि तुम्ही त्याला गडबड म्हणता? पाप आहे हे! पाप म्हणा, साहेब!"

पाळक गोंधळले.

"पाप," ते म्हणाले.

"मोठ्यानं!"

"पाप!"

"आता तुम्हाला पुढचं सांगता येईल की नाही?" काकांनी विचारलं. "माझ्या क्षमेचं वगैरे?"

"येईल," पाळक सावकाश म्हणाले. आधी काय चुकत होतं, ते त्यांना बहुधा तेव्हाच उमगलं.

काकांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ टाकली. सात वाजून चार मिनिटं.

पाळक कायम झाले. मंडळानं ठरावात एकच अट घातली: येत्या रविवारी पापाचे तीन प्रकार, बॅटरी न वापरता.

शनिवारी पाळक काकांच्या घरी आले. काकांकडे नव्हे, काकूंकडे. दर रविवारी कोपरानं ढोसून नवऱ्याला शेवटच्या गीतासाठी उठवायचं, तर ढोसणाऱ्याला जागं राहणं भाग होतं. वीस वर्षांची प्रवचनं काकूंना तोंडपाठ होती. दोघं तासभर स्वयंपाकघरात बोलत बसली. काका बाहेर पेन्सिली तासत होते.

रविवारी व्यासपीठावर ना पंक्चर, ना चार्जर. पाळक सरळ बोलले, जरा अडखळत. पहिला प्रकार झाला. दुसराही झाला. शिकवण जागेवर आली होती. काकांच्या मनावरचं ओझं उतरलं, खांदे सैलावले, आणि बाक कधी नव्हे इतका मऊ वाटू लागला...

जेवताना त्यांनी वही पाहिली आणि हळूच विचारलं, "अगं, तिसरा कोणता म्हणाले?"

काकूंनी त्यांना भात वाढला.

"पुढच्या रविवारी विचारा," त्या म्हणाल्या. "त्यांनाच. उभे राहून."