भोंगा वाजला होता

मी एक जुना भोंगा आहे मित्रांनो, आणि अजून रागात आहे. वाचनालयाच्या काचेच्या कपाटातली म्हातारी वस्तू शांतच असणार, असे तुम्हाला वाटत असेल, तर तो समज आधी काढून टाका.

एका तांबटाने मला पितळेतून घडवले. कापडगिरणीच्या बॉयलरखोलीवर मी बसलो. बॉयलरवाला साखळी ओढी, वाफ माझ्या गळ्यात शिरे आणि लोक आपली घड्याळे लावून घेत. तो मला इतका घासूनपुसून ठेवी, की त्याची बायको म्हणे, "संसार माझ्याशी आणि जीव त्या भोंग्यावर!"

मग ती दुपार आली. सूतकताईच्या खात्यात आग लागली. आत एकेचाळीस बायका होत्या आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. कामाच्या वेळी कोणी बाहेर पडू नये म्हणून मॅनेजरनेच ते लावायला सांगितले होते. बॉयलरवाला साखळीला अक्षरशः लोंबकळला. नळीच्या सांध्यातून सुटलेल्या वाफेने त्याचे हात सोलले, तरी त्याने मला थांबू दिले नाही. माणसे धावत आली, पहारीने दार फोडले. तीसजणी वाचल्या. अकराजणी गेल्या.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, "बॉयलरवाला झोपला होता. भोंगा वाजलाच नाही." घराघरातली चूल गिरणीवर पेटत होती. सारे मूग गिळून बसले. बॉयलरवाल्याची नोकरी गेली आणि 'झोपाळू' हे नाव त्याला मरेपर्यंत चिकटले.

पुढे गिरणी बंद पडली. भंगारातून ग्रंथपालबाईंनी मला उचलून आणले. पण समोरच्या पाटीवर त्यांनी चौकशीच्या अहवालातलेच वाक्य उतरवले: 'आगीच्या वेळी हा वाजला नाही.' बारा वर्षे मी ते खोटे गळ्यात बांधून बसलो!

एके दिवशी एक पिकल्या केसांची बाई आली. पाटी वाचून तिचा आवाज चढला. "कोणी लिहिलं हे?"

"मी. मावशी, अहवालात तसंच आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"अहवाल गेला खड्ड्यात! हा वाजवणारे माझे वडील होते. मी तेव्हा तिसरीत होते. भोंगा थांबेना, म्हणून आमची शाळा सोडली होती!"

ग्रंथपालबाईंनी वाद घातला नाही. शाळेची जुनी दफ्तरे वाचनालयातच होती. दोघींनी तीन दिवस ती चाळली आणि मुख्याध्यापिकेच्या हातची त्याच दुपारची नोंद सापडली: 'गिरणीचा भोंगा सतत वाजत असल्याने शाळा सोडली.'

मॅनेजरचा नातू वाचनालयाच्या समितीवर आहे. तो तावातावाने आला. "जुनी मढी कशाला उकरता?"

"मढी नाहीत हो, अकरा बायका आहेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोरच त्यांनी पाटी उतरवली.

नव्या पाटीवर त्यांनी लिहिले: 'हा वाजला होता.' बॉयलरवाल्याची मुलगी म्हणाली, "तेवढ्यावर भागायचं नाही. कुलूपही लिहा." ग्रंथपालबाईंनी कुलूप लिहिले. ते कोणी लावायला सांगितले, तेही लिहिले. खाली बॉयलरवाला आणि अकराजणी यांची पूर्ण नावे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ जरूर पुसा, पण तेवढ्याला जपणे म्हणू नका. पाटी वाचा, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली ते विचारा. मला वाजवणारा माणूस ते खोटे पुसले जायच्या आधीच गेला. माझा राग त्याच्यासाठी आहे, आणि तो मी सोडणार नाही.