रुख्माची झोप आणि मी

मित्रांनो, मी दवनीवाडा गावची एक बाज. आता जुनी झाले आहे, पण माझे मोहाच्या लाकडाचे खुर, म्हणजे पाय, अजून घट्ट आहेत. दुधरामने अंबाडीची दोरी स्वतः वळून मला विणले. त्याच्या बायकोला, रुख्माला, तेव्हा सातवा महिना लागला होता. शिंदीच्या चटईवरून उठताना तिला फार त्रास होई. तिच्यासाठीच माझा जन्म झाला.

पहिल्या रात्री ती माझ्यावर आडवी झाली तेव्हा मला वाटले, आता ही सुखाने झोपेल. तसे झाले नाही. उताणी पडली की तिला धाप लागे. कुशीवर वळली की कंबर ठणके. जरा डोळा लागला की पोटरीत गोळा येई आणि ती पाय चोळत उठून बसे. पुन्हा आडवी होई, पुन्हा उठे. आणि प्रत्येक वेळी मी कुरकुरत असे. नवी दोरी होती, मला आवाज आवरत नसे.

पलीकडच्या कोपऱ्यातून तिची सासू धुरपताबाई विचारी, "काऊन व, सारी रात कुरकुर लावून रायली? आमी चटईवर पोरं वाढवली."

मग रुख्मा अंग आखडून पडून राही. माझा आवाज होऊ नये म्हणून श्वासही जपून घेई. तिचा एक हात मात्र कधीच पोटावरून हलत नसे. आत हालचाल झाली की ती सुस्कारा टाकी आणि पुढच्या हालचालीची वाट पाहत बसे. असे का, ते मला तेव्हा कळले नव्हते.

श्रावणात रोवणी आली. धानाची रोपे लावायला घरची सगळी माणसे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जाऊ लागली. रुख्माही जाई. जड कामे तिला कोणी सांगत नसे, पण रोपांच्या पेंढ्या सोडून द्यायला ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसे. एके दिवशी दुपारी शेजारची शामकला तिला धरून घरी घेऊन आली. रुख्माच्या केसांपासून पायांपर्यंत चिखल होता. बसल्या बसल्या तिला झोप लागली आणि ती धुऱ्यावरून बांधीत पडली होती. नशीब, खाली मऊ चिखलाचा गारा होता. शामकलेने तिला माझ्यावर बसवले.

मागोमाग धुरपताबाई आली. घाबरली होती, पण तोंडातून राग निघाला. "रातभर जागते अन् दिवसा कामावर झोपते. असं काऊन करते व तू?"

रुख्माने पोटावर हात ठेवला. मग सासूला म्हणाली, "मामी, मले झोपाचं भेव वाटते. मागच्या खेपेस मी गाढ झोपली होती. सकारी उठली त पोटात लेकरू हालतच नोहतं."

शामकला हळूच बाहेर गेली. धुरपताबाई माझ्या काठावर बसली. मला पुढे कळले, मागच्या खेपेला तीच सुनेला म्हणाली होती, अशी कशी झोपलीस, पोराची सुध कशी नाही तुला? ते एक वाक्य रुख्माने दीड वर्ष उशाशी ठेवले होते.

"ते मी दुःखात बोलली होती," धुरपताबाई म्हणाली. "तुया झोपेनं लेकरू नाई गेलं. मले समजत होतं, पण मी तुले कधी सांगितलं नाई. चुकली मी."

तिने नंदाबाई सुईणीला बोलावले. नंदाबाईने पोट तपासले, लेकराची हालचाल पाहिली. मग तिने माझी सैल पडलेली दोरी ताणून घ्यायला सांगितली, उशाकडच्या खुरांखाली विटा ठेवल्या आणि तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गुंडाळी करून रुख्माच्या दोन गुडघ्यांमध्ये दिली. "डाव्या कुशीवर नीज," ती म्हणाली. "हालचाल कमी वाटली त लगेच मले बोलवा."

तरी रुख्माचे डोळे मिटेनात. तेव्हा धुरपताबाईने तिचा हात पोटावरून उचलला आणि तिथे आपला ठेवला.

"तू झोप. मी बसून आहे. लेकरू थांबलं असं वाटलं त तुले उठवीन."

रुख्मा झोपली. मित्रांनो, तिचे सगळे वजन माझ्यावर आले, ते त्या दुपारी पहिल्यांदा. दुधराम चिखलाच्या पायांनी दारात आला आणि विचारू लागला, "माय, बांधीत येत नाई का?"

"हरू बोल," धुरपताबाई म्हणाली. "रोवणी उद्या होईन."

पुढेही पोटऱ्यांत गोळे आले, धाप लागली. पण आता कुरकुर ऐकली की धुरपताबाई उठून येई आणि सुनेचे पाय चोळून देई. पोळा झाल्यावर मुलगी झाली. नाव ठेवले निर्मला. ती मोठ्याने रडली तेव्हा तिची आजीही रडली.

पुढे गोंदियाहून लोखंडी पलंग आला आणि मी बाहेरच्या छपरीत गेले. आता माझ्यावर वड्या वाळतात. कधी शेळी चढून बसते. दोरी तुटली आहे, ती कोणी बांधली तर बरे वाटेल. पण माझे मागणे वेगळेच आहे. तुमच्या घरात कोणी रात्रभर कूस बदलत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, कुरकुरीवर रागावू नका. उठा, जवळ जाऊन बसा आणि कशाची भीती वाटते ते विचारा.