दगडापलीकडची विहीर

मित्रांनो, गंजलेली म्हणून नाक मुरडू नका. मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. त्या दूरच्या देशाची सीमा तुम्ही नकाशात पट्टी लावून सरळ काढता ना? ती माझी करणी! ना डोंगर पाहिला, ना गाव. कुणाचं घर एका देशात, तर गोठा दुसऱ्या देशात. असा देश जगात शोधून सापडायचा नाही.

पोलादी तारेच्या कड्या जोडून मला घडवलं आणि गलबतातून तिकडे नेलं. समुद्रापलीकडच्या दोन सरकारांनी तो मुलूख आपसात वाटून घेतला होता. नदीपासून शंभर साखळ्यांपर्यंत एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. तिथं राहणाऱ्यांना विचारतो कोण? माझं एक टोक मोजणीसाहेबाकडे असायचं, दुसरं तिथल्याच एका साखळीवाल्याकडे.

एके दिवशी मोजणी साखळीवाल्याच्या थोरल्या बहिणीच्या शेतात शिरली. विहीर नदीच्या बाजूला, घर तिच्या मागे. सीमेचा दगड नेमका मधे येणार, हे तिनं ओळखलं.

"बाबा रे, टोक तुझ्याच हातात आहे ना? विहीर गेली तर पोरांना काय पाजू?"

"ताई, गप्प राहा. बघतो मी."

तो मला ढिली धरू लागला. ढिल्या साखळीत जमीन कमी मावते. शंभर साखळ्या विहिरीआधीच संपल्या असत्या, आणि विहीर घराच्याच बाजूला राहिली असती. पण साहेबानं माझा झोळ पाहिला. तो ओरडला नाही, हसला. पुन्हा मोजायला लावलं आणि विहीर पलीकडे टाकणारा दगडही साखळीवाल्याच्याच हातून ठोकून घेतला.

पुढं बहिणीचं धाकटं तापानं फणफणलं, तेव्हा ती कळशी घेऊन विहिरीवर गेलीच. पलीकडच्या सरकारचा पहारेकरी तिच्यावर ओरडला. त्याची भाषा तिला येत नव्हती. त्यानं गोळी घातली.

साहेबाला घोर एकच, प्रेत कुणाच्या हद्दीत? मोजायला मलाच काढलं, टोक पुन्हा भावाच्या हाती दिलं. या वेळी 'ताण' म्हणून सांगावं लागलं नाही. दात आवळून त्यानं मला असं ओढलं की माझी एक कडी उघडली.

"पलीकडं पडलीय. आपली नाही," साहेब म्हणाला. "गुंडाळ साखळी."

त्यानं मला गुंडाळलं. बहिणीला उचलायला त्याला जाऊ दिलं नाही.

आता मी संग्रहालयात आहे. रखवालदार तेल लावतो, पाहुणे त्या सरळ सीमेचं कौतुक करतात. मला ते अजून गोड लागतं, खोटं कशाला बोलू? पण परवा कुणी म्हणालं, उघडी कडी सांधून घेऊ. मित्रांनो, तेवढं मात्र करू देऊ नका. बहिणीसाठी त्या भावाला तेवढंच करता आलं होतं.